शब्दचर्चा : शरण मागणारे आणि शरण येणारे

कोथरूडकर

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी सध्या एक दीर्घ लेख मराठीत आणत आहे. परदेशात आश्रय मिळावा म्हणून प्रवासी विमाने पळवणारे, किंवा तसा प्रयत्न करणारे लोक हा लेखाचा विषय आहे. त्यातले एक प्रकरण ६ फेब्रुवारी २०००चे आहे. काबूलहून मझार-ए-शरीफकडे निघालेले अरियाना अफगाण एअरलाइन्सचे बोइंग ७२७ काही सशस्त्र प्रवाशांनी ताब्यात घेतले आणि ताश्कंद, कझाकस्तानातील अक्तोबे व मॉस्को असे थांबे घेत लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नेले. १० फेब्रुवारीला ते प्रकरण मिटले. त्यावर मी पुढील वाक्य लिहिले होते: ‘शरण मागण्यासाठी विमानाचे अपहरण करणारे शरणार्थी अखेर १० फेब्रुवारीला शरण आले.’

जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या पानांतले नेमके हेच वाक्य आईने उचलले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “अगं, शरणच मागायला निघाले होते ना ते? मग शेवटी शरण आले, यात बातमी कुठली?” मला उत्तर देता आले नाही. ‘असायलम’ मागणाऱ्याला आपण नेमके काय म्हणावे? निर्वासित, शरणार्थी, आश्रयार्थी, की आणखी काही? आणि वस्तूचे ‘अपहरण’ होते का? माझ्या कानाला सीतेचे अपहरण योग्य वाटते, बोइंगचे वाटत नाही.

मुद्राराक्षस

कोथरूडकर ताई, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी छत्तीस वर्षे मुद्रिते तपासली. असे वाक्य माझ्या हातून सुटले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

संस्कृतात ‘शरण’ म्हणजे आसरा, रक्षण करणारा, घरसुद्धा. मराठीत मात्र हा शब्द ‘जाणे’ आणि ‘येणे’ या दोन क्रियापदांच्या दावणीला असा बांधला गेला की त्यातला आसरा मागे पडून हार मानणे तेवढे पुढे आले. विभीषण रामाला शरण गेला तेव्हा दोन्ही अर्थ एकाच कृतीत होते. त्याने आपली बाजू सोडली, आसरा मागितला आणि रामाने त्याला अभय दिले. आजच्या वर्तमानपत्रातला दरोडेखोर पोलिसांना शरण येतो तेव्हा तो आसरा मागत नसतो. भक्त देवाला शरण जातो तेवढ्यापुरता जुना अर्थ उरला आहे.

‘शरण देणे’ आणि ‘शरण मागणे’ ही रूपे हिंदीतून आली आहेत. मराठी माणूस आसरा देतो, थारा देतो, आश्रय देतो, पाठीशी घालतो. शरण देत नाही. तेव्हा आपल्या वाक्यातले पहिले ‘शरण’ काढून ‘आश्रय’ घालावे आणि शेवटचे ‘शरण आले’ तसेच ठेवावे. आईंची शंका तेवढ्यानेच मिटेल.

‘शरणार्थी’ची गोष्ट निराळी आहे. विद्यार्थी, परीक्षार्थी, लाभार्थी यांच्या पंगतीतला हा शब्द आहे. अर्थी म्हणजे मागणारा, इच्छिणारा. व्युत्पत्तीने पाहिले तर ‘असायलम सीकर’ याला शब्दशः हाच प्रतिशब्द आहे. पण व्यवहारात तो ‘रेफ्युजी’साठी खर्ची पडला. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोंढ्यांसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागत असे, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे छापलेले होते. माझ्या पिढीने हा शब्द त्या तिकिटाच्या मागच्या डिंकासकट चाटलेला आहे. त्याआधी आमच्या घरात बोलला जाणारा शब्द ‘निर्वासित’ होता. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरीच्या छावणीत आली ते निर्वासित. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली तेही निर्वासित. ज्याला राहत्या जागेवरून उठवले, तो निर्वासित. या शब्दात मागणे नाही, घडून गेलेले संकट आहे. पिंपरीच्या माणसाने कोणाकडे अर्ज केला होता का, असा प्रश्न तो शब्द विचारतच नाही.

शिवाजीनगरचा वकील

मुद्राराक्षस काकांनी शेवटी जे म्हटले, तेथूनच कायदा सुरू होतो. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ‘रेफ्युजी’ हा दर्जा आहे आणि ‘असायलम सीकर’ ही त्या दर्जाच्या अलीकडची अवस्था आहे. अर्ज केला आहे, निकाल लागलेला नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे मराठीत हा फरक करण्याची वेळ आपल्यावर फारशी आली नाही. अनुवाद करताना मात्र तो करावाच लागेल, कारण विमान पळवणारा माणूस विमानात असताना फार तर अर्जदार असतो. त्याला ‘निर्वासित’ म्हणणे म्हणजे निकाल आपणच देऊन मोकळे होणे होय. माझे मत ‘आश्रयार्थी’ला आहे. ‘राजाश्रय’ नको. १९५९ साली दलाई लामा भारतात आले तेव्हाच्या संदर्भात तो शब्द शोभतो, परंतु एरवी राजाश्रय गवयाला आणि पहिलवानाला मिळतो.

स्टॅनस्टेडच्या प्रकरणात तर हे तीनही शब्द अपुरे पडतात. नऊ जण २००१ मध्ये दोषी ठरले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण बळजबरीच्या बचावाविषयी, म्हणजे जिवाच्या भीतीने गुन्हा करणे भाग पडले या बचावाविषयी, ज्यूरीला दिलेले मार्गदर्शन चुकीचे होते. पुढे त्यांना निर्वासित म्हणून दर्जा नाकारला गेला, कारण गंभीर गुन्हा करून आलेल्याला तो करार संरक्षण देत नाही. आणि तरीही त्यांना अफगाणिस्तानात परत पाठवता आले नाही, कारण तेथे त्यांच्या जिवाला धोका असल्याचे मानले गेले. हे लोक निर्वासित ठरले नाहीत, आश्रयार्थी राहिले नाहीत आणि हद्दपारही झाले नाहीत. याला मराठीत एकच शब्द आहे आणि तो विश्वामित्राने तयार केला आहे, त्रिशंकू.

आता ‘बळजबरी’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी शब्दचर्चा तेथे आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये खार्टूमहून अम्मानला निघालेले सुदान एअरवेजचे विमान काही इराकी नागरिकांनी पळवून लार्नाकामार्गे याच स्टॅनस्टेडला आणले होते. सुदानने आपल्याला इराकच्या हवाली केले तर मृत्यू अटळ आहे, हा त्यांचा बचाव. त्यांचे अपील १९९८ मध्ये मान्य झाले. इंग्लिश न्यायालयाने तेथे दोन शब्दांत भेद केला: धोका ‘इमिनंट’, म्हणजे जवळ येऊन ठेपलेला, असला पाहिजे, पण तो ‘इमीजिएट’, म्हणजे त्याच क्षणी कोसळणारा, असण्याची गरज नाही. निकालपत्रात उदाहरण दिले आहे नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीचे, अ‍ॅन फ्रँकचे. तिने अ‍ॅमस्टरडॅममधून निसटण्यासाठी मोटार चोरली असती, तर गेस्टापोने दार ठोठावेपर्यंत तू थांबायला हवे होतेस असे म्हणून कायद्याने तिचा बचाव नाकारला नसता, असा त्याचा आशय आहे.

आपल्या भारतीय दंड संहितेचे कलम ९४, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३२, एवढे सैल नाही. तेथे तत्काळ मृत्यूचीच भीती लागते. मराठी अनुवादात या दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी सर्रास ‘तातडीचा’ किंवा ‘तत्काळ’ लिहिले जाते आणि ज्या भेदावर माणसे सुटली तो भेदच नाहीसा होतो. कोणाला पर्याय सुचतो का?

मुद्राराक्षस

‘आसन्न’. आपल्याकडे आसन्नमरण माणूस असतो आणि आसन्नप्रसवा स्त्री असते. घटका भरत आली आहे, पण अजून भरलेली नाही. वकीलसाहेब, हा शब्द पोथीतला वाटेल, पण आपल्या दोन इंग्रजी शब्दांमधले अंतर तो बरोबर मोजतो.

शिवाजीनगरचा वकील

मान्य. उद्याच्या एका मसुद्यात वापरून पाहतो; समोरचे वकील हरकत घेतील ती घेवोत.

लोहगावचा जुना कर्मचारी

मी विमानतळावर भूसेवेत एकवीस वर्षे काढली, म्हणून ‘अपहरण’ या शब्दाविषयी दोन गोष्टी नोंदवतो. आमच्या धावपट्टीकडच्या जगात हा शब्द कोणीही उच्चारत नाही. सरावासाठी मॉक ड्रिल होते, तेव्हा वॉकीटॉकीवर ‘हायजॅक’ हाच शब्द येतो. सफाईचे काम करणाऱ्या मावशीसुद्धा “आज हायजॅकचं नाटक हाय, डबा लवकर खाऊन घ्या” असेच सांगत. वैमानिक तर शब्दच वापरत नाहीत. विमान पळवले गेले असल्यास ट्रान्सपॉन्डरवर ७५०० हा आकडा लावायचा, की नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर कळते. तोंडाने काहीही बोलावे लागत नाही, कारण बोलता येईलच असे नसते.

१७ फेब्रुवारी २०१४ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे अदिस अबाबा ते रोम हे विमान जिनिव्हाला उतरले, तेव्हा हा आकडा लावणारा स्वतः सहवैमानिकच होता. मुख्य वैमानिक स्वच्छतागृहात गेले असता त्याने दार आतून लावून घेतले, विमान जिनिव्हात उतरवले, कॉकपिटच्या खिडकीतून दोर टाकून खाली आला आणि स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागितला. विमान २०२ माणसांसह सुखरूप उतरले. आता मला सांगा, ज्याच्या हातात विमान नोकरीनेच दिलेले आहे त्याने ते दुसरीकडे नेले, तर ते अपहरण की अपहार? बँकेच्या रोखपालाने पैसे नेले तर आपण ‘रकमेचा अपहार’ म्हणतो, ‘अपहरण’ म्हणत नाही.

कोथरूडकर

हा प्रश्न मला फार आवडला. दोन्ही शब्द एकाच धातूचे, आणि मराठीने त्यांची वाटणी करून घेतली आहे: माणसाचे अपहरण, पैशाचा अपहार. विमान या दोन्हींच्या मधे सापडते. ते वस्तू आहे, पण पळवताना माणसांसकट पळवले जाते. गुन्हेवृत्तात तर तिसराच साचा असतो, ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत हे वाक्य पुण्याच्या प्रत्येक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी दिसते. फूस लावून विमान कोणी पळवत नाही, पण ‘पळवून नेणे’ हे क्रियापद मला ‘अपहरण करणे’ यापेक्षा खरे वाटते.

औंधची इतिहास-विद्यार्थिनी

जुन्या बातम्यांत ‘हवाई चाचे’ असाही शब्द दिसतो. तो मला जपून वापरावासा वाटतो, कारण चाचा कोण हे ठरवणारा नेहमी दुसऱ्या जहाजावर असतो. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे समुद्रावरचे लुटारू आहेत; आपल्याकडे ते सरखेल आहेत. शिवाय चाच्याला माल हवा असतो. आश्रयासाठी विमान पळवणाऱ्याला ना विमान हवे असते ना माल. त्याला फक्त उतरायचे ठिकाण बदलायचे असते.

याहून माझा आक्षेप ‘ओलीस’च्या वापराला आहे. पुरंदरच्या १६६५च्या तहानंतर किल्ले ताब्यात मिळेपर्यंत संभाजीराजांना मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत ओलीस राहावे लागले. तेथे ओलीस ही तहातली अट होती. एका बाजूने दिलेले आणि दुसऱ्याने सांभाळायचे ठरलेले तारण होते. विमानातल्या प्रवाशाला कोणी तारण म्हणून दिलेले नसते. अर्थात शब्द सरकला आहे आणि तो मागे सरकणार नाही, हे मला कळते. लेखात एके ठिकाणी तरी ‘प्रवाशांना डांबून ठेवले’ असे लिहिले तर बरे होईल.

कोथरूडकर

लिहिते. आता ‘प्रयत्न’ या शब्दाविषयी विचारायचे आहे, कारण लेखाचे शीर्षकच ‘अपहरणाचा प्रयत्न’ असे आहे आणि त्यातल्या प्रकरणांना ते सारखे लागू पडत नाही.

पहिले प्रकरण १५ जून १९७०चे. सोव्हिएत संघातून बाहेर जाण्याचा परवाना नाकारलेल्या ज्यू मंडळींनी लेनिनग्राडजवळच्या एका लहान विमानतळावरून सुटणाऱ्या बारा आसनी विमानाची सगळी तिकिटे, आपण लग्नाला निघालो आहोत असे भासवून, विकत घेतली. ते विमानात चढण्याआधीच पकडले गेले. दोघांना मृत्युदंड सुनावला गेला, पुढे तो कमी झाला. येथे विमानाला कोणाचा हातही लागलेला नाही.

दुसरे प्रकरण १५ फेब्रुवारी २००७चे, आणि ते मी शब्दचर्चेसाठी मुद्दाम आणले आहे. एअर मॉरिटानीचे विमान नुआकशोतहून लास पाल्मासला निघाले होते. एका पिस्तूलधाऱ्याला फ्रान्समध्ये आश्रय हवा होता, म्हणून त्याने विमान पॅरिसला नेण्यास फर्मावले. वैमानिकाच्या लक्षात आले की या माणसाला फ्रेंच येत नाही. त्याने ध्वनिक्षेपकावरून फ्रेंचमध्ये, नेहमीची सूचना द्यावी तशा स्वरात सांगितले की विमान टेकताच मी करकचून ब्रेक लावीन आणि पुन्हा वेग देईन. तोवर बायकामुलांनी मागे जावे आणि पुरुषांनी तयार राहावे. लास पाल्मास ज्या बेटावर आहे त्या ग्रान कनारियाला विमान टेकले, तो माणूस तोल जाऊन पडला, कर्मचाऱ्यांनी कॉफीच्या यंत्रातले उकळते पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि प्रवाशांनी त्याला धरले. या माणसाच्या हातात विमान काही काळ होते. मग हा ‘अपहरणाचा फसलेला प्रयत्न’ की ‘फसलेले अपहरण’?

शिवाजीनगरचा वकील

‘फसलेले अपहरण’. भारताचा २०१६चा विमान अपहरणविरोधी कायदा १९८२च्या कायद्याच्या जागी आला. त्याच्या व्याख्येत विमान बळाने, धमकीने, दहशतीने अथवा तांत्रिक साधनांनी ताब्यात घेणे किंवा त्यावर नियंत्रण चालवणे एवढेच लागते; इच्छित ठिकाणी पोचणे हा गुन्ह्याचा भाग नाही. विमान उड्डाणाच्या तयारीला लागल्यापासून उतरल्यानंतर चोवीस तासांपर्यंत ते ‘सेवेत’ मानले जाते. लेनिनग्राडचे प्रकरण हा अस्सल प्रयत्न आहे. पण गंमत अशी की, आपला कायदा प्रयत्नाला, इतकेच काय विश्वासार्ह धमकीलाही, अपहरणच मानतो. कायद्याला जो भेद नको आहे तो भाषेने मात्र राखला पाहिजे, कारण वाचकाला शिक्षा द्यायची नाही, काय घडले ते समजून घ्यायचे आहे.

मुद्राराक्षस

‘अपहरणाचा प्रयत्न फसला’ हे वाक्य मी हजारदा छापू दिले आहे आणि त्यात व्याकरणाची चूक नाही. मात्र ‘अपहरणाचा अयशस्वी प्रयत्न’ दिसला की मी ‘अयशस्वी’ खोडत असे. यशस्वी झाला असता तर आपण प्रयत्न म्हटलेच नसते.

कोथरूडकर

शेवटची अडचण सर्वांत अवघड प्रकरणातली आहे. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अदिस अबाबाहून नैरोबीकडे निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे फ्लाइट ९६१, बोइंग ७६७, तिघांनी ताब्यात घेतले. त्यांना ऑस्ट्रेलियात आश्रय हवा होता. विमानातल्या मासिकात छापले होते की हे विमान पूर्ण इंधनावर तेवढे अंतर जाऊ शकते, आणि तो छापील मजकूर त्यांनी प्रमाण मानला. कॅप्टन लेउल अबाते परोपरीने सांगत राहिले की इंधन तेवढे भरलेलेच नाही. त्यांनी विमान आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने नेले, मग कोमोरोस बेटांकडे वळवले, आणि इंधन संपल्यावर ते किनाऱ्याजवळ समुद्रावर टेकवले. १७५ पैकी १२५ माणसे गेली. त्यांत ते तिघेही होते. इथिओपियाच्या १९८४च्या दुष्काळाची दृश्ये जगापुढे आणणारे केनियाचे छायापत्रकार मोहम्मद अमीन याच विमानात होते. अनेकांनी जीवरक्षक जाकिटे विमानात असतानाच फुगवली होती. पाणी आत शिरताच ती माणसे छताला जाऊन टेकली आणि दारांपर्यंत खाली येऊ शकली नाहीत.

विमान पाण्यावर उतरवण्याच्या या क्रियेसाठी मी ‘जलावतरण’ लिहिले आहे. चालेल का?

मुद्राराक्षस

मुळीच नाही. जलावतरण नव्या जहाजाचे होते. माझगावच्या गोदीत नारळ फोडून, पाहुण्यांच्या हस्ते. मंगल प्रसंगाचा शब्द आहे तो. १२५ माणसांच्या मृत्यूला तो लावू नका. ‘विमान समुद्रावर टेकवले’ असे आपण वर बोलण्याच्या ओघात लिहूनच गेला आहात. तेच ठेवा.

लोहगावचा जुना कर्मचारी

काकांशी सहमत. ‘टेकवले’ हाच आमचाही शब्द आहे. एक पुरवणी जोडतो: जाकीट ‘विमानाबाहेर पडतानाच फुगवा’ ही सूचना आज प्रत्येक उड्डाणाआधी दिली जाते आणि तेव्हा निम्मे प्रवासी मोबाइलमध्ये असतात.

औंधची इतिहास-विद्यार्थिनी

‘आश्रयार्थी’ला माझा एकच आक्षेप आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले, तेव्हा पुण्यात शिकणारे बरेच अफगाण विद्यार्थी येथेच अडकले. माझ्या वर्गात त्यांच्यातला एक जण होता. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि परत जाण्याची सोय नव्हती. मैत्रिणीने त्याची ओळख करून देताना ‘हा आमचा शरणार्थी’ असे गमतीने म्हटले. त्याला मराठी थोडे कळायचे, तो म्हणाला, “मी विद्यार्थी आहे.” दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच आहे हे त्याला माहीत असेल-नसेल. ‘आश्रयार्थी’ हा अर्जावरचा शब्द म्हणून ठीक आहे, पण लेखात शक्य तेथे ‘आश्रय मागणारे’ असे क्रियापदाने लिहावे. मागणे संपले की क्रियापद संपते; नाम मात्र माणसाला चिकटून राहते.

कोथरूडकर

हे पटले. सर्वांचे आभार. वाक्य आता असे झाले आहे: ‘ब्रिटनमध्ये आश्रय मागण्यासाठी विमान पळवून नेणारे हे लोक १० फेब्रुवारीला पोलिसांना शरण आले, डांबून ठेवलेल्या ओलीसांची सुटका झाली, आणि त्यांच्यापैकीही अनेकांनी तेथेच आश्रयासाठी अर्ज केले.’ आईने वाचले. “आता कळलं,” म्हणाली, आणि लगेच विचारले की मग त्या प्रवाशांतले पळवणारे कोण आणि पळवलेले कोण, हे तिथल्या पोलिसांनी ओळखले कसे.

मुद्राराक्षस

‘ओलिसांची’. मूळ शब्दात ली दीर्घ, सामान्यरूपात लि ऱ्हस्व. गरीब, गरिबांची, तसे. बाकी वाक्य छापायला हरकत नाही.